शब्दचर्चा : ‘गुप्तचर अपयश’ की ‘गुप्तवार्ता अपयश’?

प्रश्न (नौपाडा, ठाणे)

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना मी निबंधलेखन शिकवते. कारगिल युद्धावरील निबंधांत बहुतेकांनी ‘गुप्तचर अपयश’ असा शब्द वापरला असून वृत्तपत्रांतही तोच आढळतो. ‘गुप्तचर’ म्हणजे माणूस. मग हे अपयश माणसाचे, खात्याचे की माहितीचे? आपल्या राज्यात ‘राज्य गुप्तवार्ता विभाग’ असे अधिकृत नाव रूढ आहे, त्यावरून ‘गुप्तवार्ता अपयश’ म्हणावे का? जाणकारांनी कृपया मत द्यावे.

उत्तर (वाशी, नवी मुंबई)

आपली शंका रास्त आहे. ‘गुप्तचर अपयश’ म्हटले की हेर झोपले होते असा अर्थ निघतो आणि कारगिलच्या बाबतीत तो अपुरा आहे. के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील कारगिल आढावा समितीने घुसखोरीचा सुगावा आधी लागला नाही हे स्पष्टपणे नोंदवले. परंतु त्याच अहवालात असेही आहे की जून १९९८ मध्ये इंटेलिजन्स ब्युरोने सीमेपलीकडील हालचालींविषयी वरिष्ठांना एक टिपण पाठवले होते, आणि ज्यांना त्याची सर्वाधिक गरज होती ते ‘रॉ’चे सचिव, संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष व लष्करी गुप्तवार्ता महासंचालक या तिघांना ते पाठवलेच गेले नाही. बातमी होती, पण ती योग्य दारी पोचली नाही. हे हेराचे अपयश नव्हे. म्हणून ‘गुप्तवार्ता’ हा शब्द मला अधिक न्याय्य वाटतो, कारण त्यात बातमी मिळवणे, पडताळणे, तिचा अर्थ लावणे आणि ती पोचवणे हे सारे काम येते.

उत्तर (कोपरी, ठाणे)

‘गुप्तवार्ता’ मान्य, मात्र तेवढ्याने भागत नाही. ऑक्टोबर १९७३ मध्ये इजिप्त व सीरियाने इस्रायलवर हल्ला केला, तेव्हा सैन्याच्या जमवाजमवीच्या बातम्या इस्रायलपाशी होत्या. परंतु लांब पल्ल्याची विमाने हाती आल्याखेरीज इजिप्त युद्ध करणार नाही आणि इजिप्तवाचून सीरिया एकटा उतरणार नाही, हा आडाखा इस्रायलच्या लष्करी गुप्तवार्ता खात्यात इतका पक्का बसला होता की हाती येणारी प्रत्येक बातमी त्याच साच्यात बसवली गेली. अशा वेळी ‘आडाखा चुकला’ हा आपला साधा वाक्प्रयोग कोणत्याही परिभाषेपेक्षा नेमका आहे.

उत्तर (ऐरोली, नवी मुंबई)

वरील दोन्ही उदाहरणांत देश गाफील राहिला. २००३ च्या इराक युद्धापूर्वी नेमके उलट घडले, म्हणून तेथे ‘गाफील’ वा ‘बेसावध’ हे शब्द लागूच पडत नाहीत. इराककडे नसलेली सामूहिक संहाराची शस्त्रे आहेत असे अमेरिका व ब्रिटनने धरले. फिरत्या जैविक प्रयोगशाळांचा दावा तर मुख्यतः जर्मनीत आश्रय घेतलेल्या एका इराकी माणसाच्या सांगण्यावर उभा होता. तीन हेरांचे म्हणणे जुळले तरच विश्वास ठेवावा, असे कौटिल्याने सांगून ठेवले आहे. येथे एकावर भिस्त ठेवली गेली.

या प्रकरणात मला क्रियापदांकडे लक्ष वेधावेसे वाटते. मराठीत ‘शस्त्रे असतील’, ‘शस्त्रे असावीत’ आणि ‘शस्त्रे आहेत’ या तीन वाक्यांत खात्रीच्या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. इराकच्या शस्त्रांविषयीची गुप्तवार्ता तपासणाऱ्या ब्रिटनच्या बटलर समितीने २००४ मध्ये दाखवून दिले की मूळ मूल्यमापनातील सावधगिरीच्या सूचना जनतेपुढे ठेवलेल्या दस्तऐवजात पुरेशा स्पष्ट केल्या नव्हत्या. ब्रिटनच्या इराक युद्धातील सहभागाची चौकशी करणाऱ्या २०१६ च्या चिलकॉट अहवालानेही, दावे अनाठायी खात्रीने मांडले गेले, असाच ठपका ठेवला. ‘असावीत’चे ‘आहेत’ झाले आणि त्या बदलाची किंमत असंख्य माणसांनी प्राणांनी मोजली. विद्यार्थ्यांनी परिभाषेइतकेच या रूपांकडे लक्ष द्यावे, असे मी आग्रहाने सुचवते.

उत्तर (वाशी, नवी मुंबई)

ऐरोलीच्या ताईंचा मुद्दा अत्यंत मोलाचा आहे. त्या आधारे मूळ प्रश्नकर्त्या ताईंना असे सुचवतो की मथळ्यात ‘गुप्तवार्ता अपयश’ लिहावे आणि लगेच पुढच्या वाक्यात चूक कुठे झाली ते सांगावे : बातमी मिळाली नाही, पोचली नाही, आडाखा चुकला, की अंदाजालाच वस्तुस्थिती म्हटले गेले. १९६२ च्या चीन युद्धाविषयी लिहिताना मात्र अधिक जपावे. त्या पराभवाच्या लष्करी चौकशीचा हेंडरसन ब्रुक्स–भगत अहवाल सरकारने अद्याप अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही, त्यामुळे तेथे ‘अपयश’ कोणाच्या नावावर टाकायचे हे ठामपणे न लिहिणेच योग्य.