सांगली-मिरज लाइट रेलला विरोधाचं निवेदन: सही करण्याआधी काय तपासायचं?

गणपतीपेठ_सांगली

सांगली-मिरज रस्त्यावर लाइट रेल हवी असं एक मागणीपत्र फिरतंय आणि त्याच्या विरोधातलं निवेदनही सह्यांसाठी आलंय. विरोधाचे मुद्दे तीन: रस्ता अरुंद होईल, काम सुरू असताना धंदा बसेल, आणि महापालिकेने सार्वजनिक वाहतुकीवर एक रुपयाही घालू नये. पहिले दोन पटतात, तिसरा खटकतो. जाणकारांनी सांगावं: दोन रूळ खरंच किती रस्ता खातात? पैसा कुणाच्या खिशातून जातो? आणि आक्षेप कुठे, कधी नोंदवायचा?

कुपवाड_फाटा

आधी हा प्रकल्प धोरणात कुठे बसतो ते बघा. २०१७ च्या राष्ट्रीय मेट्रो धोरणात द्रुतगती वाहतुकीच्या आखणीसाठी २० लाख लोकसंख्येचा निकष आहे. आपल्या सांगली, मिरज, कुपवाड या तिन्ही शहरांची २०११ च्या जनगणनेत मिळून लोकसंख्या ५,०२,७९३. लहान शहरांसाठी केंद्राने २०१९ मध्ये मेट्रोलाइटचे (म्हणजे लहान, हलकी मेट्रो, लाइट रेलच) आणि २०२० मध्ये मेट्रो निओचे (म्हणजे वरच्या तारेवर चालणारी लांब जोडबस) निकष काढले. पण केंद्राचे पैसे हवेत तर शहराचा सर्वंकष वाहतूक आराखडा आणि पर्यायांचा तुलनात्मक अभ्यास लागतोच. शिवाय प्रकल्पाचा आर्थिक परतावा निदान १४ टक्के दाखवावा लागतो.

नाशिककडे बघा. मेट्रो निओसाठी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटींची घोषणा झाली. घोषणा आणि रस्त्यावरची गाडी यांत किती अंतर असतं ते त्यावरून कळतं.

आता साधं गणित. मेट्रोलाइटची तीन डब्यांची गाडी सुमारे ३०० माणसं नेते. दर चार मिनिटांनी सोडली तर तासाला एका दिशेने ४,५००. बारा मीटरची बस ७० माणसं धरली आणि दर दोन मिनिटांनी सोडली तर २,१००. गर्दीच्या तासाला एका दिशेने दोन हजार माणसं भरत नसतील, तर रूळ टाकायचं कारणच उरत नाही. निवेदनात हा मुद्दा पहिला हवा. तो नाही, हे मला सगळ्यात जास्त खटकलं.

रूळ_आणि_खडी

रस्त्याबद्दल. रस्त्यात बसवलेल्या दोन रुळांना सरळ भागात साधारण सात मीटर लागतात. थांब्यावर दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटरचे फलाट धरले की तेरा. साठ फुटी रस्ता म्हणजे अठरा मीटर. थांब्याजवळ उरले पाच. त्यातच फूटपाथ, गटार, रिक्षा आणि माल उतरवणारा टेंपो. शंभर फुटी रस्त्याला, म्हणजे तीस मीटरला, हेच सहज बसतं. म्हणून "रस्ता अरुंद होईल" एवढंच लिहू नका. कुठल्या चौकापासून कुठल्या चौकापर्यंत रुंदी किती, ते टेप लावून मोजा. रुंदी भिंत ते भिंत घ्या, डांबराची नको.

खरा खर्च जमिनीखाली आहे. चालत्या रुळाखालची जलवाहिनी फुटली की दुरुस्तीसाठी गाडी बंद करावी लागते, म्हणून पाणी, ड्रेनेज, वीज, केबल सगळं आधीच बाजूला सरकवतात. कुठली नळी कुठे आहे याचा नकाशा जुना असेल तर खोदताना रोज नवीन काहीतरी सापडतं. एडिंबराची ट्राम याचंच उदाहरण. वाहिन्या हलवण्यातल्या अडचणी आणि ठेकेदाराशी झालेला वाद यांत खर्च ७७.६ कोटी पौंडांवर गेला आणि २०१४ मध्ये जेमतेम १४ किलोमीटर सुरू झाली.

विजेचंही एक आहे. ७५० व्होल्टचा डीसी प्रवाह रुळांतून परत जातो. रुळाखालचं इन्सुलेशन कच्चं राहिलं तर तो जमिनीत गळतो आणि जवळच्या लोखंडी पाइपला गंज चढवतो.

आणि आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट स्लॅब टाकला तर रूळ एकसारखे राहत नाहीत. माती काढून मुरूम आणि खडीचा भराव करावाच लागतो. अंदाजपत्रकात तो धरलाय का ते बघा.

पुराचं तर स्वतंत्र पान हवं. आयर्विन पुलाजवळ धोका पातळी ४५ फूट आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. रूळ बुडून वाचतात. सांधे बदलणाऱ्या मोटारी, सिग्नलच्या पेट्या आणि वीज उपकेंद्र वाचत नाहीत. डेपो कुठे, हा प्रश्न म्हणूनच मार्गापेक्षा मोठा.

विश्रामबागकर

वरचं सगळं मान्य, पण विरोधाची भाषा सांभाळा. अमेरिकेतल्या फिनिक्समध्ये २०१९ साली लाइट रेलचा विस्तार थांबवण्यासाठी मतदान झालं. साउथ सेंट्रल रस्त्यावर गाड्यांच्या चार मार्गिकांच्या दोन होणार, ही तिथल्या दुकानदारांची तक्रार खरीच होती. पण प्रस्तावात फक्त तेवढ्या रस्त्याची दुरुस्ती मागितली नव्हती. शहरातला सगळाच पुढचा विस्तार बंद करायचा होता. तीनपैकी जवळपास दोघांनी तो फेटाळला. तो रस्ता झाला आणि जून २०२५ मध्ये गाडीही सुरू झाली.

इथेही तेच होईल. "एक रुपयाही नको" लिहिलंत की कुपवाड एमआयडीसीत पाळीला जाणारा कामगार आणि कॉलेजची पोरं तुमच्या विरोधात जातील. ती आज वडापमध्ये (खासगी शेअर रिक्षा-जीपमध्ये) कोंबून जातात. कोल्हापूरला केएमटी ही बससेवा महापालिकेची आहे, आपल्याकडे शहरी फेऱ्या एसटीच्या. पैसा घालू नका म्हणण्यापेक्षा कुठे घाला ते लिहा. केंद्राची ई-बस सेवा योजना २०२३ ची आहे आणि ३ लाखांवरच्या शहरांना लागू आहे. रुळाविना तोच रस्ता सुधारतो.

गणपतीपेठ_सांगली

तिसरा मुद्दा काढायला सांगतो. आता कागद कसे मिळवायचे?

अर्ज_जोडपत्र_अ

माहिती अधिकाराचा अर्ज जोडपत्र अ मध्ये, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. एका अर्जात एकच विषय, शक्यतो १५० शब्दांच्या आत. जास्त विषय घातले तर माहिती अधिकारी फक्त पहिल्या विषयाचं उत्तर देऊन बाकीच्यांसाठी वेगळा अर्ज करायला सांगू शकतो, म्हणून दोन विषयांना दोन अर्ज करा. "प्रकल्पाबाबत सर्व माहिती" असं मोघम लिहू नका. "सर्वंकष वाहतूक आराखड्याची प्रत, पर्याय अभ्यासाची प्रत, त्यासाठी नेमलेल्या सल्लागाराचा कार्यादेश" असं नाव घेऊन मागा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील, २० रुपये.

आक्षेपाची खरी जागा विकास आराखड्याच्या फेरबदलात आहे. मार्गासाठी आरक्षण टाकायचं तर नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली सूचना निघते आणि आक्षेपाला एक महिना मिळतो. राजपत्र आणि पेपरातली जाहिरात दोन्ही बघत राहा. आक्षेपात सर्व्हे नंबर, बाधित क्षेत्र आणि पर्यायी आखणी लिहा, सुनावणीची मागणी करा आणि पोच घ्या. शंभर जणांनी एकच छापील अर्ज दिला तर तो एकाच आक्षेपासारखा वाचला जातो.

खिशाचं विचारलंत म्हणून: पुण्यात मेट्रोपायी मुद्रांक शुल्काबरोबर मालमत्तेच्या किमतीवर १ टक्का अधिभार आहे, एप्रिल २०२२ पासून. ५० लाखांच्या फ्लॅटवर ५० हजार. असा अधिभार इथे प्रस्तावित आहे का, ते वेगळ्या अर्जात विचारा.

कुपवाड_फाटा

मोजणी मात्र सरकारची वाट न बघता करा. विश्रामबाग चौकात सकाळी साडेआठ ते साडेदहा, दोन माणसं, प्रत्येकाकडे एक दिशा. दर पंधरा मिनिटांची वेगळी ओळ: एसटी, वडाप, रिक्षा, दुचाकी. एसटीतली माणसं "बसायला जागा आहे, उभी आहेत, दारात लोंबकळतायत" अशा तीन खुणांनी नोंदवा, नेमका आकडा धावत्या गाडीत मोजता येत नाही. मंगळवार ते गुरुवारमधले दोन दिवस घ्या, कॉलेजं सुरू असताना. सणाचा आठवडा आणि परीक्षेचे दिवस टाळा. दोन दिवसांत पंधरा टक्क्यांहून जास्त फरक आला तर तिसरा दिवस मोजा. तक्ता निवेदनाला जोडा, मोजणाऱ्यांच्या सह्यांसकट.