मदत हवी आहे: एकाच व्यंगचित्रकाराची १८६८ आणि १८७६ ची दोन चित्रं, अर्थ कसा लावायचा?

नमस्कार मंडळी, १९व्या शतकातल्या अमेरिकन व्यंगचित्रांचा कुणाचा अभ्यास असेल तर प्लीज मदत करा. एमएच्या पेपरसाठी थॉमस नास्टची 'हार्पर्स वीकली'तली दोन चित्रं घेतलीयेत आणि दुसऱ्यापाशी गाडी अडलीये.

पहिलं ५ सप्टेंबर १८६८ चं. युनियनच्या (यादवी युद्धातल्या उत्तरेच्या सैन्याच्या) गणवेशातला कृष्णवर्णीय सैनिक पालथा पाडलाय आणि त्याच्या पाठीवर पाय रोवून तिघंजण उभे, सोटा उगारलेला आयरिश माणूस, मधे सुरा घेतलेला दक्षिणेचा माजी सेनानी फॉरेस्ट (सुऱ्यावर 'द लॉस्ट कॉज', म्हणजे दक्षिणेचा हरलेला लढा, असं लिहिलंय), आणि पैसा घेऊन डेमोक्रॅटिक पक्षाचा नेता, बँकर बेलमाँट. मागे १८६३ च्या न्यूयॉर्क दंगलीत जाळलेलं कृष्णवर्णीय मुलांचं अनाथालय पेटलेलं दिसतं, आणि सैनिकाचा हात मतपेटीकडे गेलाय. त्या हातापाशी मी खूप वेळ थांबले. चित्रकार कुणाच्या बाजूचा आहे ते वेगळं सांगायला नको.

दुसरं ९ डिसेंबर १८७६ चं, म्हणजे हेज (रिपब्लिकन) आणि टिल्डन (डेमोक्रॅट) यांच्यातल्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा वाद पेटलेला तेव्हाचं. तराजूच्या एका पारड्यात दक्षिणेतला कृष्णवर्णीय मतदार, दुसऱ्यात उत्तरेतला आयरिश, दोघंही अडाणी आणि दोन्ही पारडी सारखी. शीर्षक आहे 'द इग्नरंट व्होट (अडाणी मत) - ऑनर्स आर ईझी'. त्यातलं 'ऑनर्स आर ईझी' मी आधी शब्दशः वाचलं होतं, मग कळलं की तो व्हिस्ट या पत्त्यांच्या डावातला शब्द आहे, हुकमाची मोठी पानं दोन्हीकडे सारखी वाटली गेली असं म्हणायचंय. पण त्या कृष्णवर्णीय मतदाराचा चेहरा बघा, ८ वर्षांपूर्वीच्या सैनिकाची प्रतिष्ठा त्यात कुठेच उरलेली नाही.

आमच्या ग्रुपमधे एकीचं म्हणणं असं की नास्ट छपाईच्या लाकडी ठोकळ्यावर नुसतं रेखाटायचा, लाकूड कोरायचे दुसरेच कारागीर, तर चेहरा त्यांच्या हातून बिघडला असेल. मला नाही पटत, कारण 'अडाणी मत' हे शीर्षकातच आहे आणि सगळी मांडणीच त्यावर उभी आहे.

मग हा बदल नास्टचा स्वतःचा मानायचा, की रिकन्स्ट्रक्शनवरून (यादवी युद्धानंतर दक्षिणेची पुनर्रचना आणि कृष्णवर्णीयांना हक्क देण्याच्या धोरणावरून) उत्तरेतल्या रिपब्लिकन वाचकांचंच मन उडालं होतं त्याचा? हे मला मनापासून समजून घ्यायचंय, कारण या दोन चित्रांच्या मधेच, १८७३ ला, जोतीरावांनी 'गुलामगिरी' गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं.

त्या काळातली वाचकांची पत्रं किंवा विरोधी पक्षाची चित्रं शेजारी ठेवून कुणी असं वाचन केलंय का? सुरुवात कुठून करू?