प्रति: श्रीवर्धन ते हर्णै, दोघांत सामान कसं वाटावं?

सायकलने दोघं जाताना सामान निम्मं-निम्मं वाटायचं का, असं विचारलंय. नको. चढावर मागे पडणाऱ्याकडे फक्त त्याचे कपडे आणि अंथरूण. तंबू, स्टोव्ह, दुरुस्तीची हत्यारं दमदार गड्याकडे. किलो मोजून समान केलं तर एकाने दिवसभर दुसऱ्याची वाट बघायची. पंप आणि पंक्चर किट मात्र दोघांकडे हवंच, पंक्चर नेमकं मागे राहिलेल्याचं होतं!

या रस्त्यावर अंतरापेक्षा चढ खातात. खाडी, टेकडी, परत खाडी. पुढची सगळ्यात लहान चक्री २२ किंवा २४ दाती, मागची सगळ्यात मोठी ३४ दाती असेल तर निभावतं. चढ लागायच्या आधीच गिअर हलका करा. जोर लावत बदलला की चेन अडकते. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवले तर रिम तापते, म्हणून दाबा-सोडा.

खरी डोकेदुखी मागच्या चाकाची. कॅसेटच्या (मागच्या गिअरच्या चक्र्यांचा संच) बाजूच्या स्पोकांवर ताण जास्त, त्यामुळे आधी तेच तुटतात, आणि कॅसेट काढल्याशिवाय नवा सहसा बसत नाही. त्याच लांबीचे ३-४ स्पोक, स्पोक पाना आणि कॅसेट काढायचं हत्यार सोबत ठेवा. कॅरिअरचे बोल्ट धक्क्यांनी सैल होतात. वाटेतल्या बागमांडला-वेश्वी फेरीबोटीची वाट बघताना ॲलन कीने (षटकोनी किल्ली) आवळून घ्या.