शाळेत गुणी, घरी आल्यावर कोसळते: मास्किंगची किंमत शाळेला कशी समजवायची?

विशेष_शिक्षिका:
आठवी-नववीतल्या ऑटिस्टिक मुलींबद्दल शाळा सांगते, 'काहीच तक्रार नाही, फार गुणी आहे.' घरी पोचल्यावर मात्र रडणं, दार लावून घेणं, तासन्‌तास एक शब्द न बोलणं. हे मास्किंग, म्हणजे ऑटिझमची लक्षणं लपवून दिवसभर इतरांसारखं वागणं, शाळेला दिसतच नाही. मग खापर आईवर फुटतं. शाळेला काय दाखवायचं आणि नेमकं काय बदलायला सांगायचं? कॅट-क्यू ही मास्किंग मोजणारी प्रश्नावली भरून घ्यावी का?

मानसतज्ज्ञ_पुणे:
कॅट-क्यूत 25 विधानं आहेत, प्रत्येकाला 1 ते 7 गुण. पण ती प्रौढांसाठी तयार केलेली आहे आणि निदानाचं साधन नाही. आठवीतल्या मुलीला तिचा आकडा चिकटवू नका. त्यातली विधानं बोलणं सुरू करायला चांगली आहेत, एवढंच.

शाळेला वह्या दाखवा. पहिल्या आणि शेवटच्या तासाचं लेखन शेजारी ठेवा. धडा ऐकताना ही मुलगी नजर कुठे ठेवायची, कधी हसायचं, बोटं हलू द्यायची नाहीत, आवाज किती ठेवायचा, हे सगळं जाणीवपूर्वक सांभाळत असते. इतरांचं ते आपसूक होतं. म्हणून दुपारी साधी बेरीजही चुकू शकते. आणि ती घरी कोसळते, कारण तिथे कोसळलं तरी चालतं. आईच्या लाडांचा इथे काही संबंध नाही, हे शाळेला स्पष्ट शब्दांत सांगा.

ओटी_ताई:
सगळ्यात जास्त फसणारा उपाय म्हणजे 'त्रास झाला की हे कार्ड दाखव'. जी मुलगी दिवसभर कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून झटते, ती चाळीस जणांसमोर कार्ड उचलणार नाही. तिला मागावी लागेल अशी सुट्टी देऊ नका, वेळापत्रकातच घाला: दुसऱ्या आणि पाचव्या तासानंतर दहा मिनिटं, 'ऑफिसात वही देऊन ये' अशा कामाच्या निमित्ताने.

मधली सुट्टी ही विश्रांती नव्हेच, उलट तेव्हाच मास्किंग सर्वात जास्त लागतं. वाचनालयात बसू द्या. नजरेला नजर देण्याचा आग्रह सोडा. तोंडी प्रश्न आदल्या दिवशी लिहून द्या. घरी पहिला तासभर 'आज काय झालं?' विचारायचं नाही. गणवेश बदलणं, खाणं, मंद उजेड. शाळा सुटल्या सुटल्या क्लास नको.

विशेष_शिक्षिका:
शाळेने सोशल स्किल्सचे तास सुचवलेत. आणि 'मास्क काढून टाक' असं थेट सांगावं का?

मानसतज्ज्ञ_पुणे:
त्या तासांत डोळ्यांत बघणं, हात स्थिर ठेवणं शिकवणार असतील तर मी विरोध करेन. ते मास्किंगचंच प्रशिक्षण आहे. थेट 'काढून टाक' हेही नको. वर्गात चिडवणं चालू असेल तर तो मास्क तिचं संरक्षण आहे. आधी चिडवणं थांबवा, मग एक विश्वासू व्यक्ती आणि एक खोली इथून सुरुवात करा.

आणखी एक, ताई. सततचा थकवा, आधी जमणारी कामं न जमणं (आंघोळ, बोलणं), आवाज-उजेड आधीपेक्षा असह्य होणं, हे तीन महिने टिकलं तर ऑटिस्टिक बर्नआउटचा, म्हणजे सततच्या ताणाने पार गळून जाण्याचा, विचार करा. नैराश्यात 'बाहेर पड, माणसांत मिसळ' हा सल्ला उपयोगी पडतो, बर्नआउटमध्ये त्यानेच ओझं वाढू शकतं. दोन्ही एकत्रही असतात. कॅसिडी आणि सहकाऱ्यांच्या 2018 च्या अभ्यासात ऑटिस्टिक प्रौढांमध्ये मास्किंग आणि आत्महत्येचे विचार यांचा संबंध दिसला होता. तेव्हा 'जगून काय करू' असं वाक्य आलं की थांबू नका. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा, रात्र असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416.

ओटी_ताई:
शाळा टाळाटाळ करू लागली तर लेखी अर्ज द्या. दिव्यांग हक्क कायदा 2016 च्या कलम 16 नुसार सरकारमान्य शाळांनी मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय द्यायची आहे. दिव्यांग प्रमाणपत्राची तपासणी आयएसएए या ऑटिझम मोजायच्या भारतीय मोजपट्टीवर होते, 40 बाबी, एकूण 70 पेक्षा कमी गुण म्हणजे 'ऑटिझम नाही'. मास्क करणारी मुलगी अनोळखी डॉक्टरसमोर नीटच वागते आणि गुण कमी पडतात. म्हणून आईने घरच्या दोन आठवड्यांची लेखी नोंद न्यावी: वेळ, आधी काय घडलं, सावरायला किती वेळ लागला. मुलगी 'हो' म्हणाली तरच व्हिडिओ.