मदत हवी आहे: स्टेलाइट ६ या कठीण कोबाल्ट मिश्रधातूचा थर थंड होताना तडकतोय

साखर कारखान्याच्या स्टीम व्हॉल्व्हची सीट (झडप जिथे टेकते तो भाग) आहे, व्यास ८० मिमी, मूळ धातू एसएस ४१० स्टेनलेस स्टील. वाफ साधारण ४०० अंशांची. टिग (टंगस्टन आर्क) वेल्डिंगने स्टेलाइट ६ चे दोन थर दिले. वेल्डिंग करताना सगळं ठीक. थंड होताना मात्र ‘टिक्’ असा आवाज येतो आणि डाय पेनिट्रंट (भेगा दाखवणारा लाल रंग) मारलं की केसासारखी लाल रेघ दिसते, नेहमी आडवीच.

प्रीहीट (वेल्डिंगआधी धातू तापवणं) २५० अंश केलं, टेम्परेचर चॉकने तपासून. नंतर कोरड्या चुन्यात रात्रभर पुरून ठेवलं. रॉड बदलून पाहिला, फरक शून्य. भट्टी नाही, फक्त गॅस टॉर्च. मशिनिंगनंतर किमान २ मिमी थर उरायलाच हवा.

स्टेलाइट २१ मध्ये कार्बन कमी, तो सहसा तडकत नाही, पण मऊ पडतो. मग प्रीहीट आणखी वाढवू, की खाली ३०९ स्टेनलेस स्टीलचा बफर (मधला) थर देऊन वर स्टेलाइट ६ च ठेवू?