मदत हवी आहे: वुल्फ कन्स्ट्रक्शनमध्ये ४५ डिग्रीचा फेस (क्रिस्टलची सपाट बाजू) जातो कुठे?

थर्मोवाल्यांनो, जरा बघा ना, दोन दिवस डोकं फिरलंय. वुल्फची १९०१ ची पद्धत, म्हणजे प्रत्येक दिशेला गॅमाएवढ्या (म्हणजे त्या दिशेच्या फेसच्या पृष्ठभाग-ऊर्जेएवढ्या) अंतरावर त्रिज्येला काटकोनात रेघ मारायची आणि सगळ्या रेघांच्या आत जे उरतं तो क्रिस्टलचा समतोल आकार, इथपर्यंत कळलंय. मी साधा टूडी चौकोनी लॅटिस (अणूंची चौकटीसारखी मांडणी) घेतला, फक्त शेजारचे बॉन्ड तुटतात असं धरलं, तर गॅमा येतो |कॉस θ| + |साइन θ|, प्लॉट चार पाकळ्यांच्या फुलासारखा दिसतो आणि आकार निघतो चक्क चौकोन.

आता गंमत अशी की ४५ डिग्रीला गॅमा १.४१४, आणि ती रेघ बरोब्बर चौकोनाच्या कोपऱ्याला टेकते, कापत काहीच नाही! पायथॉनमध्ये मुद्दाम तिथे १.३ टाकून बघितलं तर लगेच कोपरे कापले जाऊन अष्टकोन आला.

मग मधल्या सगळ्या दिशांना गॅमा अधिक त्याचा दुसरा डेरिव्हेटिव्ह काढला तर शून्य आला. म्हणजे त्या सगळ्या दिशा त्या एका कोपऱ्यातच कोंबल्यात असं समजायचं का? आणि तिथे उणे उत्तर आलं असतं तर तो फेस मोडून पायऱ्यापायऱ्यांचा होतो, बरोबर ना?

अजून एक, नुसता आकार दिला तर उलटं गॅमा काढता येतो का? मला वाटतं जे फेस दिसतच नाहीत त्यांचा फक्त 'किमान इतका' एवढंच कळेल, पण खात्री नाही. कोणी आकृती काढून समजावलं तर फार बरं होईल.