मदत हवी आहे: बाळाचा ओएई (कानाची प्राथमिक चाचणी) दोनदा ‘रेफर’ (म्हणजे पुढे तपासा), आता बेरा (आवाज मेंदूकडे पोचतो का, ते बघणारी चाचणी) सांगितलाय. खात्रीची माहिती कुठे मिळेल?

पायवाट:
बाळ चार महिन्यांचं. जन्मानंतर नऊ दिवस एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग), कावीळ, अमिकासिनची इंजेक्शनं. ओएई दोन्ही वेळा, दोन्ही कानांचा ‘रेफर’. ताट वाजवलं की दचकतं, म्हणून घरचे म्हणतात वर्षभर थांबा. नेटवर एक जण तेल घालायला सांगतो, दुसरा थेट कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचं यंत्र). बेराचा रिपोर्ट आपल्याला कळेल असा कसा वाचायचा? आणि भरवशाची जागा कोणती? जिल्हा सातारा.

कोकमकढी:
थांबू नका. नुसत्या ‘रेफर’चा अर्थ बहिरेपणा होत नाही. कानात जन्माच्या वेळचा चिकट थर राहिला, पडद्यामागे पाणी साचलं किंवा बाळ रडत असलं, तरी रेफर येतो. पण मागे एनआयसीयू आणि कानाला इजा करू शकणारं अमिकासिन असताना दोनदा आलेला रेफर कानामागे टाकायचा नाही. महिन्याच्या आत चाचणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत श्रवणयंत्र आणि थेरपी सुरू, असा जगभर पाळला जाणारा हिशोब आहे. त्यातला निदानाचा टप्पा तुमचा आधीच उलटलाय.

ताटावर अजिबात विसंबू नका. बाळ कंप आणि हाताची हालचालही टिपतं. शिवाय ज्याला ताट ऐकू येतं त्याला बोलण्यातले ‘स’, ‘श’ ऐकू येतीलच असं नाही.

टोनबर्स्ट:
बेरा झोपेत करतात, म्हणून जाताना बाळाला गाडीत झोपू देऊ नका. जागं न्या, तिथे पोचल्यावर दूध पाजा. या वयात बहुतेक वेळा औषधाशिवाय झोप लागते. गुंगीचं सिरप द्यायचंच झालं तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, घरून पाजून नेणं नको. दीड-दोन तास हाताशी ठेवा.

रिपोर्टमध्ये ‘पाचवी लहर’ (वेव्ह ५, आवाजाला मिळालेल्या प्रतिसादाच्या आलेखातली) शोधा. ती किती डेसिबलपर्यंत दिसली, हा खरा आकडा. ३०च्या आसपास दिसली तर सहसा काळजी नाही. नुसता ‘क्लिक’ (टिकटिक आवाजाचा) बेरा असेल तर तो मुख्यतः २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्याबद्दल बोलतो. ‘९० डेसिबलला लहर नाही’ एवढ्यावरून काहीच ऐकू येत नाही असं ठरत नाही, खालच्या पट्टीत श्रवण शिल्लक असू शकतं. म्हणून ५०० ते ४००० हर्ट्झचा टोनबर्स्ट (एकेका पट्टीचा आवाज देऊन केलेला) बेरा मागा, दोन्ही कानांचा वेगळा. सोबत हाडामार्गे केलेली चाचणी हवी, म्हणजे दोष मधल्या कानात की आतल्या, ते कळतं.

दोन गोष्टी हमखास राहून जातात. सहा महिन्यांखालच्या बाळाची टिंपॅनोमेट्री (पडद्यामागे पाणी आहे का, ते बघणारी चाचणी) १००० हर्ट्झने करायची असते. नेहमीच्या २२६ने केली तर पाणी असूनही नॉर्मल दिसू शकते. दुसरी, कावीळ झालेल्या बाळात श्रवणाच्या मज्जातंतूचा दोष, म्हणजे ऑडिटरी न्यूरोपथी तपासली का? त्यासाठी क्लिक दोन्ही ध्रुवतांनी (सुलट आणि उलट) वेगवेगळे देऊन ‘कॉक्लिअर मायक्रोफोनिक’ (आतल्या कानाचा विद्युत प्रतिसाद) बघतात. तो शब्द रिपोर्टात नसेल तर विचारा.

कोकमकढी:
जागा: जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या डीईआयसी केंद्राची (मुलांमधले दोष लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र) चौकशी करा. नाहीतर मुंबईत वांद्रे रेक्लमेशनची अलीयावर जंग संस्था (वाक्-श्रवण दोषांची राष्ट्रीय संस्था). एडिप (दिव्यांगांना साधनं देणारी केंद्र सरकारची) योजनेतल्या इम्प्लांटचे अर्जही तिच्यामार्फतच होतात. वाचायला म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थेचं साहित्य चांगलं.
ऑडिऑलॉजिस्टचा (श्रवणतज्ज्ञाचा) भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागून घ्या. दुकानातली ‘मोफत तपासणी’ यंत्र खपवण्यासाठी असते, मुलांसाठी तर नकोच.
कोणतंही संकेतस्थळ जोखायची माझी पद्धत: दोष आवाज आत पोचण्यातला (बाहेरच्या-मधल्या कानाचा) की आतल्या कानाचा वा मज्जातंतूचा, हे न विचारताच ते उपाय सांगत असेल, तर बंद करा. आतल्या कानाच्या दोषावर तेल किंवा थेंब चालत नाहीत.

पायवाट:
आभारी आहे. लवकर यंत्र लावलं तर कान ‘सुस्तावतो’ म्हणतात, खरं का? आणि इम्प्लांट लगेच?

टोनबर्स्ट:
कान सुस्तावत नाही. उलट आवाजाविना राहिलेल्या मेंदूची भाषा शिकायची वेळ निसटते. मात्र यंत्राचा आवाज बाळाच्या कानाच्या मापाने बसवलेला हवा. बाळाची कानाची नळी इतकी लहान की मोठ्या माणसाच्या मापाने लावलेलं यंत्र तिथे जास्त जोरात वाजतं. इम्प्लांटचा निर्णय सहसा काही महिने यंत्र वापरून बघितल्यावर होतो. मेंदूज्वर झाला असेल तर मात्र घाई करतात, कारण आतल्या कानात हाड भरू लागतं.

यंत्र शिट्टी मारायला लागलं तर आधी साचा (कानात बसणारा, मापाने बनवलेला भाग) बघा. पहिल्या वर्षी कान वाढतो, साचा दोन-तीन महिन्यांत सैल होतो. तेव्हा आवाज कमी करून भागवू नका, साचा बदला. सेलच्या कप्प्याला लहान मुलांसाठीचं कुलूप असलेलंच यंत्र घ्या. बटण सेल गिळला तर अन्ननलिका भाजते, थेट रुग्णालय गाठायचं. पावसाळ्यात रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवा.

रोज सकाळी यंत्र लावल्यावर बाळाच्या पाठीमागून, तोंड दिसू न देता, म, ऊ, आ, ई, श, स असे आवाज एकेक काढा. या वयात मान वळणार नाही कदाचित, पण चोखणं थांबणं, डोळे विस्फारणं दिसेल. कोणत्या आवाजाला काहीच झालं नाही ते तारखेसकट लिहा आणि पुढच्या भेटीला ती वही घेऊन जा.